धुतलेला स्पंज

मिस्त्रींच्या हाताखालून पाण्याचे किती पंप गेले असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विहिरींचे, कारखान्यांचे, पाचमजली इमारतींचे. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, आणि धडधाकट दिसली तरी ते तिला एकदा कान लावून पाहायचे. तीन वर्षांनी लेक दारात आली, काखेत रिकामी काचेची टाकी, दुसऱ्या हातात झाकणाच्या बादलीत दोन गोल्डफिश. तेव्हाही त्यांची नजर आधी टाकीच्या कडेला अडकवलेल्या छोट्या फिल्टरवर गेली.

तीन वर्षांपूर्वी ती एकदा फोनवर रडली होती. "फक्त ऐका, करू काही नका," असं म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री जावयाच्या ऑफिसात जाऊन त्याला चार लोकांदेखत सुनावून आले. त्यानंतर तिचं घर जे मोडलं ते मोडलंच, आणि लेकीने बापाशी बोलणं टाकलं.

आता तिला महिनाभर परगावी ट्रेनिंगला जायचं होतं. मासे सांभाळणारी शेजारीण ऐनवेळी आजारी पडली, म्हणून नाइलाजाने ती इकडे आली होती.

"चिमूटभर खाणं, दिवसातून एकदाच," ती म्हणाली. "फिल्टर बंद करायचा नाही. स्पंज फारच भरला तर टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा. बाकी काही उघडायचं नाही, बाबा."

"अगं, माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं."

"म्हणूनच सांगतेय."

दोघंही हसली. मिस्त्रींना वाटलं, एवढं तरी झालं.

आठवडा बरा गेला. मोठा मासा त्यांची चाहूल लागली की काचेशी यायचा. धाकटा लाजरा, शेपूट फाटकी. मग एका सकाळी फिल्टर खडखडायला लागला. मिस्त्रींनी तो उघडला. आतल्या एवढ्याशा पंख्याखाली वाळूचा खडा अडकला होता. तो काढला, मोटर पुन्हा गुपचूप चालू लागली. इथेच थांबले असते तर! पण हातात स्पंज आला होता. तपकिरी, बुळबुळीत, पाहूनच शिसारी यावी असा. त्यांनी तो नळाखाली धरला आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत, अगदी नव्यासारखा होईपर्यंत चोळून चोळून धुतला.

चौथ्या दिवशी टाकीत धुकं पसरल्यासारखं झालं. मासे वर येऊन आ वासायला लागले. मिस्त्रींनी निदान केलं : फिल्टरच अपुरा. ते तडक माशांच्या दुकानात गेले.

"टाकी केवढी आहे, काका?" मालकिणीने विचारलं.

"साठ लिटर. मला जोरदार फिल्टर द्या."

तिने दाखवलेला मध्यम फिल्टर त्यांच्या मनात भरला नाही. त्यांनी तिप्पट मोठा उचलला. "निदान महिनाभर जुना आणि नवा दोन्ही चालवा," ती मागून सांगत होती. मिस्त्रींनी घरी येऊन जुना काढून ठेवला. नव्याच्या झोताने धाकटा मासा सुकल्या पानासारखा कोपऱ्यात भेलकांडला. त्यांनी झोत काचेकडे वळवला, फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधलं, पण मासे आ वासायचे थांबेनात.

संध्याकाळी बाटलीत पाणी घेऊन ते परत दुकानात गेले. मालकिणीने त्यात दोन औषधांचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"अमोनिया. माशांचीच घाण, काका. स्पंज नळाखाली धुतलात का?"

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली.

"त्या बुळबुळीतच सगळा जीव असतो. ते जंतू ही घाण पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले. आता रोज थोडं पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवून. खाणं बंद. पण नवे जंतू वाढायला महिना-दीड महिना लागतो."

उघडून पाहता येईल, पाना लावता येईल असं काहीच उरलं नव्हतं. मिस्त्री रोज पाणी मापून बदलत होते आणि लेकीला फोनवर "मजेत आहेत" म्हणत होते. धाकटा तिसऱ्या दिवशी गेला. मोठा आणखी आठवडाभर टिकला. शेवटी शेवटी तळाशी कलून पडायचा, पण मिस्त्री जवळ गेले की काचेशी यायची धडपड करायचा. ते त्यांना बघवेना, आणि उठून जाववेना.

लेक आली. रिकाम्या टाकीत नवा फिल्टर झकास चालला होता.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं, स्पंजापासून. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी रोज विचारत होते," ती म्हणाली. "एकदा तरी खरं सांगायचं."

"सांगून तू तिथून काय करणार होतीस?"

"काहीच नाही. पण मला कळलं असतं."

"आपण नवे आणू. मी स्वतः..."

"नको, बाबा. तुम्ही आता काही करू नका."

तिने टाकीतलं पाणी उपसलं, काच पुसली. ते एक बाजू धरायला पुढे झाले, तेव्हा "जड नाहीये" म्हणून तिने टाकी एकटीने जिन्यावरून खाली नेली.

त्यांनी पुढे बरेच फोन केले. वाजून वाजून बंद व्हायचे. हिवाळ्यात तिच्या शेजारणीकडून कळलं की ट्रेनिंग झालं त्याच गावी तिने कायमची बदली मागून घेतली, सामानही गेलं. पत्ता शेजारणीला ठाऊक होता, पण तो मिस्त्रींना द्यायचा नाही, असं लेक सांगून गेली होती.