तक्त्यात नसलेली पायरी

“झालं की! करा बरोबरची खूण, शास्त्रज्ञबाई,” आमच्या विशेष मुलांच्या शाळेतल्या मावशी म्हणाल्या.

हात धुण्याचा तक्ता माझ्या मांडीवर होता. बाह्या वर सारणं ही पहिली पायरी, टॉवेल जागेवर अडकवणं दहावी. महाराणी, हे मावशींनीच ठेवलेलं नाव, दहाही पायऱ्या कुणी हात न लावता करत होती. बारा वर्षांच्या त्या मुलीला शब्द चार-पाचच येत, पण बेसिनपाशी ती आम्हा दोघींपेक्षा शिस्तीची. मोठ्या शाळेत तिला घ्यायला तयार होते. अट एकच, स्वच्छतागृहात सगळं एकटीने जमायला हवं. माझा तक्ता शुक्रवारी तिकडे जायचा होता. मावशीही शुक्रवारीच निवृत्त होणार होत्या.

माझं पेन मात्र अडलं होतं. “मावशी, ती नळ बंद करायच्या आधी तुम्ही खाकरता.”

“घसा आहे. खवखवतो.”

“रोज सातव्या पायरीलाच?”

मी तीन दिवसांच्या नोंदी दाखवल्या. नऊ वेळा मावशी खाकरल्या, नऊही वेळा त्यानंतर नळ बंद झाला. एकदा त्या फोनवर होत्या; पाणी वाहत राहिलं आणि महाराणी बोटं धारेखाली धरून नुसती उभी. मावशींनी तिला आधी मनगट धरून शिकवलं होतं, मग कोपराला बोट लावून, मग लांब उभं राहून. एकेक आधार काढून घेतला. हा आवाज तेवढा राहून गेला होता.

मावशी तक्त्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे सहा वर्षं मी हिला माझी वाट बघायलाच शिकवलं की काय?”

मी सातव्या पायरीपुढचा ‘स्वतः’ हा रकाना कोराच ठेवला.

शुक्रवारी त्या आपण होऊन बाहेर गेल्या आणि तोंडावर रुमाल धरून दाराआड उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यात. साबण झाला, फेस धुऊन झाला. महाराणी थांबली. तिनं दाराकडे पाहिलं. एक मिनिट गेलं, मग दुसरं. दाराच्या फटीतून मावशींची चप्पल दिसत होती. चप्पल पुढे सरकली, पुन्हा मागे गेली.

मग महाराणी खाकरली. हुबेहूब मावशींसारखी, शेवटी जरा ओढून. आणि तिनं नळ बंद केला. हात झटकले, पुसले, टॉवेल अडकवला आणि मावशींच्या समोरून वरही न बघता वर्गात गेली.

मावशी आत आल्या. “मी नव्हते हं ती. शप्पथ.”

“माहीत आहे.”

“मग आता काय लिहिणार?”

मी ‘स्वतः’ या रकान्यात खूण केली. त्यांनी वाकून ती नीट पाहिली. मग बेसिनच्या कडेचा फेस पुसला आणि नळ एकदा पिळून बघितला. तो घट्टच होता.