केशरी ढग

लग्नांचे फोटो काढणाऱ्या हुजैफाने नवी लेन्स घेतली तेव्हापासून त्याच्या फोटोंतून निम्मं पिंपळगाव गायब झालं होतं. लेन्स १.४ ची, म्हणजे चांगल्या मोठ्या तोंडाची. तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, जवळ जायचं, की नवरीच्या पापण्या लख्ख आणि मागचं सगळं विरघळलेलं. मोठी कला ती हीच, अशी त्याची खात्री होती.

तृप्तीच्या लग्नात मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी मामा उभे होते, द्राक्षांच्या पॅकहाउसचे मालक गोरक्षशेठ. अल्बम बघून ते भडकले.

"मी कुठंय?"

"मागे आहात ना, शेठ."

"मागं तर केशरी ढग हाय! अरे, फेटा बांधून मामा कशाला उभा राहतो? आता आमच्या आरोहीचं लग्न दुसऱ्याकडं."

आरोही शेठची एकुलती एक लेक, आणि लग्न या हंगामातलं सगळ्यात मोठं. हुजैफाचं धाबं दणाणलं. तो तडक पॅकहाउसवर गेला, टेबलावर द्राक्षांचे दोन घड पुढे-मागे मांडले आणि शेठना दाखवलं: रुंद कोनाची लेन्स लावली, तिचं तोंड बारीक केलं आणि लांब उभं राहिलं, की पुढचा घडही स्पष्ट, मागचाही.

"आसं पायजे," शेठ खूश झाले. "लग्नात एक मानूस जरी धूसर दिसला ना, तर बघ."

एकही दिसला नाही. भर दुपारच्या उजेडात हुजैफाने लेन्सचं तोंड बारीक करत अकरावर आणलं, दहा पावलं मागे सरकला आणि अख्खा मांडव टिपला.

अल्बम बघायला शेठच्या शेजारी त्यांच्या पत्नी सगुणाबाईही बसल्या. अक्षतांचा फोटो आला. पुढे आरोही, तिच्या पाठीशी डोळे पुसणारा तिचा मामा. आणि पार मागे, मांडवाच्या दाराशी, लेकीकडे पाठ केलेले गोरक्षशेठ: एका हाताने कानाला मोबाईल, दुसऱ्या हाताने द्राक्षांच्या टेम्पोला 'मागे घे'ची खूण. टेम्पोचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

सगुणाबाईंनी बोट ठेवून तो मोठ्याने वाचला. हुजैफाला शेठची खरोखर कीव आली.

"हुजैफा," शेठ हळूच म्हणाले, "मला तेवढं धूसर करता येईल का रे?"

"काय गरज नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "भाऊ, हाच मोठा करून द्या. यांच्या खुर्चीसमोर लावायचाय."

शेठनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. नंबर तरीही वाचता येत होता.