मागच्या सीटवरचं हँडल

आमच्या घरात बायको विमान चालवते आणि मी आगीचा बंब. दोघांची नोकरी एकाच धावपट्टीवर. ती वर असली की मी खाली बंबात बसून डुलक्या काढतो. लोक म्हणतात, बायको राबते आणि हा झोपतो. म्हणू दे की. बंबवाल्याला झोप लागतेय यातच सगळ्यांचं भलं आहे.

आमची आई शिवणकामवाली. जन्म सगळा हातमशीनवर गेला. उजवा दंड अजून असा आहे, की बरणीचं झाकण अडलं तर मी पण तिच्याकडेच नेतो. सुनेच्या विमानाला ती खेळणं म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यात पाय ठेवला नव्हता. मग एकदा काय झालं, आई गेली होती मावशीकडे आणि येताना वाटेतला पूल दुरुस्तीला काढलेला. बायको नेमकी त्याच गावात एका डॉक्टरला सोडून रिकामी परत येणार होती. आई नाइलाजानं चढली, पण बसली मागच्या सीटवर. पुढं बसलं तर सुनेला वाटेल मला हौस आहे, असा हिशेब.

मी बंबाची काच पुसत होतो तेव्हा रेडिओवर बायको बोलली. आवाज एकदम गार. ती घाबरली की तिचा आवाज गार होतो, हे फक्त मला माहीत. म्हणाली, चाकं खाली येत नाहीत. चाकांची मोटर बंद पडलीय. समोर तीन हिरवे दिवे लागायला हवेत, एकही लागलेला नाही.

वर बघितलं तर ते दोन इंजिनांचं छोटंसं विमान डोक्यावरून गेलं. पोट अगदी गुळगुळीत. पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मांजरासारखं. आत माझी बायको आणि माझी आई. माझं अख्खं घर तिथं वर लटकलेलं. तसंच पोटावर उतरलं तर पट्टीवर ठिणग्या उडणार आणि पंखात तेल. बंब काढला आणि पट्टीच्या कडेला नेऊन लावला.

आता अशा वेळेसाठी त्या विमानात एक हँडल असतं. पुढच्या दोन सीटच्या मागे, खाली. ते गरागरा फिरवलं की चाकं हातानं खाली येतात. एकटीनं विमान सांभाळून मागे वळून ते फिरवायचं म्हणजे कसरत. पण मागच्या माणसाच्या अगदी पायाशी. आणि मागे कोण, तर आई.

बायकोनं आईच्या कानाला पण माइकवाला हेडफोन लावला होता, त्यामुळे रेडिओवरचं तिला ऐकू जायचं. आणि बायकोनं बोलायचं बटण दाबलं की मागून आईचा आवाज आम्हाला खाली फुकटात. बायको म्हणाली, आई मघापासून जोर लावतायत, पण हँडल गच्च झालंय. मागून आई म्हणत होती, असलं स्वस्तातलं मशीन मी दारात उभं केलं नसतं.

विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या मनोऱ्यावरच्या माणसाला आम्ही पोपट म्हणतो, कारण तो गप्प बसत नाही. तो त्या वेळी गप्प बसला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी रेडिओ उचलला. विचारलं, "आई, कोणीकडे फिरवतेस?"

"कोणीकडे म्हणजे? मशीनचं चाक फिरवतात तिकडेच."

बायको म्हणाली, "अहो, मी त्यांना डावीकडे सांगितलंय."

"उलटं फिरवलं की दोरा तुटतो," मागून आई. "हिला शिकवलं कोणी?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईच्या हाताखाली शिकायला आलेल्या किती पोरींनी या एका गोष्टीसाठी बोटांवर पट्टी खाल्लीय. चाक उलटं फिरवायचं नाही. मी सांगितलं, आई, ती म्हणते तसं कर. तर वरून उत्तर, आलास का बायकोच्या बाजूनं, मी इतक्या उंचावर असताना पण. पोपट खोकल्यासारखं करून हसला. मला रडावं का हसावं कळेना. तिकडे तेल संपत चाललं होतं आणि इकडे सासू-सुनेचं सुरू.

बायकोची बाजू घेऊन काम होणार नव्हतं, आईची घेऊन पण नाही. मग मी मशीनची बाजू घेतली.

"आई, आत कापड अडकलंय. कापड अडकलं की तू काय करतेस?"



"चाक उलटं घेते," आई म्हणाली. "हे आधी का नाही बोललास?"

मग तिनं जे फिरवायला घेतलं ना! बायकोनं बटण सोडलंच नाही, त्यामुळे आम्हाला तो सगळा खडखडाट आणि आईचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मध्येच तिनं झालं का म्हणून विचारलं असावं, खडखडाटात नीट कळलं नाही, कारण बायको म्हणाली, हो आई, अजून थोडं. आणि मी बघितलं, त्या गुळगुळीत पोटातून पाय बाहेर येत होते. बायको सांगत गेली, एक दिवा लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला आईनं एक शिवी घातली, तो पण लागला.

बायकोनं विमान असं टेकवलं जसं झोपलेलं पोर गादीवर ठेवावं. तरी चाकं दबतील म्हणून मी बंब शेजारून पळवत होतो. दबली नाहीत. विमान थांबलं. मी पाइप ओढत खाली उतरलो.

आई दार उघडून बाहेर आली. केस विस्कटलेले, हात काळे. बंब बघितला, माझ्या हातातला पाइप बघितला.

"हे काय, मला धुवायला आणलास?"

मागून बायको उतरली. तिचा गार आवाज आता कुठं गेला कोण जाणे. तिनं आईचा काळा हात धरला आणि सोडेना. आईनं पण काढून घेतला नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या हातानं पाठीवर थोपटून म्हणाली,

"सूनबाई, पुढच्या खेपेला मी पुढं बसेन. मागे फार काम पडतं."