मोटरीच्या पायाखालचा रुपया

आमच्या खोलीची मागची भिंत मोटरीच्या खोलीला लागून. टँकर आला की पाणी वर चढवायला आमचा पोरगा हनुमान बटण दाबायचा, आणि भिंत थरथरायला लागायची. फळीवरची भांडी सरकायची. अंथरूण लांब ओढावं तर तेवढी जागाच नव्हती.

चारापाणी संपल्यावर मेंढरं कन्नडच्या बाजारात विकली, तेव्हापासून आम्ही बिडकीनच्या रस्त्यावरच्या या सोसायटीत. हनुमान वॉचमन, खोली नोकरीसोबतची.

कडूबा मिस्त्रीनं बेरिंग बदललं, मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं रबर बदललं. रबराचा पुन्हा भुगा. चेअरमन सत्यशीलाबाई म्हणाल्या, "हनुमान, आता मोटर बंद पडली तर दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या गेल्यावर माझी बायको बानाबाई हळूच म्हणाली, "खंडेनवमीला मी मोटरीच्या पायाखाली देवाचा रुपया सारलाय. बोल्ट ढिलेच होते. पाणी तुटू नाय म्हून."

"काढू दे कडूबाला."

"आन् पाणी तुटलं मंग?"

रुपया राहिला तर पोराची नोकरी जात होती. मी कडूबाला सांगून टाकलं.

त्यानं बोल्ट ढिले करून चेपलेला रुपया ओढून काढला. "मावशी, देवाच्या डोक्यावर मोटर दिली व्हय? एका कोपऱ्यात उचलली, पंप राहिला खाली. दोघांचे दांडे एका रेषेत कसे यायचे?" मग कपलिंगवर लोखंडी पट्टी धरून त्यानं दोन्ही दांडे जुळवले, बोल्ट आवळले.

मोटर फिरली. भिंतीला तळवा लावला तर काहीच नाही. बानाबाईनं रुपया पदराच्या गाठीत बांधला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तो जिथून भरायचा ती विहीरच आटली होती. नंतरही आला नाही. जिन्यात बादल्या वाजू लागल्या. हनुमान फोन लावत फाटकाशी उभा.

बानाबाईनं खिळ्यावरची किल्ली काढली, पाना घेतला आणि मला मोटरीच्या खोलीत नेलं. गाठ सोडून रुपया माझ्या हातावर ठेवला.

"तुमीच काढाया लावला."

"वर ठेवतो, मोटरीवर."

"आधार खालूनच लागतो."

"पुन्हा हादरंल. हनुमानाची नोकरी जाईल."

"पाणीच नाय आलं तर मोटर कशाला पायजे सोसायटीवाल्यायला? आन् हनुमान तरी कशाला?"

खोलीला दार एकच, त्यात ती उभी. मी खाली बसलो आणि पाना पहिल्या बोल्टला लावला.