ओळ भिंतीपलीकडे

"थांबा ताई, हलू नका! दगड अजून डोलतोय."

थोरलीने श्वास रोखला. बांबूची घोडी दोघी जावांच्या मध्ये उभी होती: दोन तिरके पाय, मध्ये आडवी काठी आणि माथ्यावरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेशी येऊन थांबली, की दोन्ही पाय सारख्या उंचीवर. मग तिथे खुंटी ठोकायची आणि घोडी वळवून उताराला आडवं पुढचं पाऊल टाकायचं.

"आली! बरोब्बर आली!" थोरली एवढ्या जोरात ओरडली, की तिचं तिलाच हसू फुटलं.

"लॉटरी लागल्यासारखं काय ओरडताय? खुंटी ठोका."

"तू गप गं. गेल्या वर्षी एकटीनेच मजा केलीस."

गेल्या वर्षी धाकटीने आपल्या तुकड्यात अशी एक ओळ आखून गिरिपुष्पाचे फाटे दाटीने लावले होते. त्यांची कुंपणासारखी हिरवी रांग झाली. पाला खताला आणि शेळ्यांना, काटक्या चुलीला. रांगेच्या वरच्या अंगाला माती अडली आणि तिथला मका धाकटीच्या डोक्यावर गेला. थोरलीने हे सगळं भिंतीवरून पाहिलं होतं. आपल्या मक्याकडे वळून पाहायची तिला लाजच वाटायची.

भिंत उतारावर सरळ वरून खाली गेली होती, दोघींच्या तुकड्यांच्या मधोमध. वाटणीच्या वेळी भाऊ भांडले, तेव्हा थोरलीच्या नवऱ्याने ती एकट्याने रचली. जावा मात्र भांडल्या नाहीत. त्यांना सवडच नव्हती. पण धाकटीची ओळ भिंतीशी संपायची. अडलेलं पाणी सरकत तिथे यायचं, दगडांच्या फटींतून थोरलीच्या रानात घुसायचं, आणि तिथे आता चांगली घळ पडली होती. अशीच एकदोन वर्षं गेली, तर पेरायला नुसता मुरूम उरला असता. म्हणून आज वरच्या अंगाला नवी ओळ, धाकटीच्या टोकापासून थोरलीच्या टोकापर्यंत, सलग. कापलेले फाटे ओल्या गोणपाटाखाली तयार होते.

घोडी पावलं टाकत भिंतीशी आली. एक पाय अलीकडे टेकला. दुसऱ्याला जागाच नव्हती.

"आता?" धाकटीने विचारलं.

उत्तर घराच्या पायरीवरून आलं. "घोडी नाचवायची तेवढी नाचवा! भिंतीला हात लावायचा नाही!"

थोरलीच्या नवऱ्याचा एक गुडघा कामातून गेला होता, आवाज नाही.

"लावत नाही!" थोरलीनेही तसाच आवाज चढवला. "तुमची भिंत पाणीच पाडेल!"

"माझ्या हातची आहे ती! असली भिंत आता कुणाला रचता येत नाही!"

"म्हणून तर म्हणते, तुम्ही या! आम्ही काढायला गेलो तर ढिगारा होईल. चार लोक हसतील तुमच्या भिंतीला!"

धाकटीने पदर तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत भिंतीबद्दल थोरली नवऱ्याशी एवढं कधी बोललीच नव्हती.

तो उठला. काठी टेकत, पुटपुटत खाली आला.

"किती काढायची?"

"दोन हात पुरे, दादा," धाकटी म्हणाली.

"दोन म्हणजे दोनच. पुढे हात घातलात तर बघा." आणि मग थोरलीवर, "धर नीट. बोट चेचशील. वाकडा दगड तिकडे, चपटा इकडे."

तो वरून एकेक दगड मोकळा करत गेला. थोरली झेलत होती, धाकटी रचत होती. भिंत बुटकी होत गेली, तसा पलीकडून वारा यायला लागला. "आली गं आली, ओळ आली!" धाकटीला राहवत नव्हतं.

पायाशी दोन्ही बाजूंनी लहान दगड कोंबलेले होते. भिंत खचते म्हणून तो दर वर्षी आणखी कोंबायचा. ते निघाले. मग तळाचे मोठे दगड निघाले.

खाली माती होती. काळी, भुसभुशीत, मुळांच्या तंतूंनी भरलेली. आणि ती दोन्हीकडच्या रानांपेक्षा गुडघाभर उंच होती. भिंत रचली त्या दिवशी जमीन जेवढी उंच होती, तेवढीच उंच ती पट्टी दगडांखाली राहिली होती. बाकीची वाहून गेली होती.

त्याने तिच्यावर हात ठेवला. मग दोन्हीकडची रानं पाहिली, आपलं आणि भावाचं.

"एवढी होती?"

धाकटी काहीतरी बोलणार होती. थोरलीने तिला नजरेनेच थांबवलं.

त्याने चपला काढल्या. थोरलीच्या खांद्याचा आधार घेऊन तो त्या मातीवर चढला आणि ताठ उभा राहिला. दोघी जावा खाली घोडी धरून थांबल्या. उतरायची घाई त्याला कुणी केली नाही.