आधी नकलेवर

"असा बघत बसलास तर ते बटण काय अंडं घालणार आहे का?" मी विदोलला म्हटलं.

"रायनाताई, तू तुझं दुकान बघ. इथं हात चुकला तर अख्खं गाव पुसलं जाईल."

मी हलले नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि वाचनगृहातली शेगडी चांगली तापली होती. शिवाय विदोलला घाम फुटलेला बघायची संधी रोज मिळत नाही.

विदोल आमच्या वाचनगृहाचा कारकून. पुस्तकं देणं-घेणं, नाचाच्या मंडळाचे पोशाख सांभाळणं, आणि गावात कुणी गेलं की निधनाचा कागद छापून दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवणं, ही त्याची कामं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा कागद, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मला सवड कुठं आहे, तुम्ही मरायचं थांबवाल तर ना." एकदा खळीचा डबा घेऊन तो वरच्या आळीत गेला आणि कागद तसेच परत घेऊन आला. तिथे वाचायला कुणी उरलंच नव्हतं. कुणी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करत होतं, कुणी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडत होतं, कुणी जर्मनीत ट्रक चालवत होतं. मग त्याने कुठून कुठून शिकून गावाचा ब्लॉग काढला आणि कागद तिथे लावायला लागला, एका माणसाचे सगळे कागद एकाच पानावर.

आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने शिजवलेले गहू वाटतात. घास घेणारा म्हणतो, "देव क्षमा करो." गहू काही मिलानपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तिकडची माणसं ब्लॉगवर कागदाखाली तेवढेच शब्द लिहायला लागली. हे ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं. दुसऱ्याने त्याच्या वतीने म्हटलेलं धरत नाहीत.

इतकी वर्षं ब्लॉग जुन्याच आवृत्तीवर चालला होता. चालतंय त्याला हात कशाला लावा, हे विदोलचं धोरण. पण ज्या कंपनीच्या यंत्रावर तो ब्लॉग होता तिने कळवलं की जुनी आवृत्ती आता बंद, नवी घाला नाहीतर घर रिकामं करा. विदोलने चालढकल केली, केली, आणि मुदतीचा शेवटचा दिवस नेमका नेदाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी आला.

नेदाचा नवरा दोब्री तेवढ्यात दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी, हातात कापडाने झाकलेलं भांडं.

"लागला का आमच्या नेदाचा कागद?"

"लागलाय, दोब्रीकाका. पण ब्लॉग जरा बंद ठेवलाय. काम चालू आहे अशी पाटी लावलीय."

"आज वर्ष आहे तिचं. माणसं येतील."

"म्हणूनच तर घाई करत नाहीये. बसा तुम्ही."

दोब्रीने आम्हाला कागदी रुमालावर गहू वाढले. वर साखर, अक्रोड. आम्ही खाल्ले आणि म्हटलं, देव क्षमा करो. त्याने मान हलवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला.

"अरे, पण एकदा दाब आणि मोकळा हो," मी म्हटलं. "माझा फोन रात्रीत आपला आपण नवा होतो."

"तुझ्या फोनात कोण पुरलंय?" विदोल म्हणाला. "हे बघ. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. फोटो, कागद, खालचं लिहिलेलं, सगळं. आता बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. तो उघडतो का ते बघायचं. म्हणून त्यातूनच बाजूला दुसरा ब्लॉग उभा केलाय, हुबेहूब नक्कल. नवी आवृत्ती आधी त्या नकलेवर घालायची. मोडली तर नक्कल मोडेल."

"तू मुलीला सासरी पाठवत असल्यासारखा वागतोयस."

"असंच वागायचं असतं," असं म्हणून त्याने एकदाचं बटण दाबलं.

पट्टी भरत गेली. नकलेवर नवा ब्लॉग उघडला, अक्षरं मोठी, फोटो नीट. मी म्हटलं, झालं की. विदोल एकेक कागद उघडत होता. नेदाचा उघडला. तिचा तो लग्नातला फोटो, जत्रेत काढल्यासारखा हसरा. खाली लिहिलं होतं, अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

दोब्री उठून आला. चष्मा लावला. "माणसं कुठं गेली?"

विदोलने दुसरा कागद उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांखाली तेच. माझी बहीण वेला इटलीत एका बाईच्या उशाशी बसून पोट भरायची. नेदा गेली तेव्हा तिने तिथून लिहिलं होतं. मग हिवाळ्यात वेलाच गेली. नेदाच्या कागदाखालचे ते शब्द आता कुणाकडून परत लिहून घेणार? मी विदोलला शिवी देणार होते, पण त्याचा चेहरा बघून गिळली.

"नक्कल आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "खरा तसाच आहे. नक्कल आहे ही."

आणि तो शोधायला लागला. ब्लॉगवर जाहिरातींचा कचरा येऊ नये म्हणून त्याने एक राखणदार बसवला होता. नव्या आवृत्तीबरोबर राखणदारही नवा आला होता आणि जास्त हुशार झाला होता. त्याने जुनं सगळं पुन्हा तपासलं. तेच ते तीन शब्द, वर्षानुवर्षं, दहा देशांतून. त्याने ठरवलं, हा कचरा.

"कचऱ्याचा डबा काही दिवसांनी आपोआप रिकामा होतो," विदोल म्हणाला. "खऱ्यावर घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं."

त्याने डबा उघडला.

देव क्षमा करो. मिल्का, बोलोन्या. देव क्षमा करो. त्सेको, हॅम्बुर्ग. देव क्षमा करो. विदोल खाली सरकवत होता आणि ते संपेना. आजवर आम्ही एकेका कागदाखाली पाच-दहा नावं बघायचो. सगळी एका जागी कधी बघितलीच नव्हती. शाळा बंद झाली, दवाखाना बंद झाला, आम्ही रोज एकमेकांना सांगत होतो की गाव संपलं. आणि गाव इथे होतं, अख्खंच्या अख्खं, एकामागे एक उभं. ज्यांनी लिहिलं होतं त्यांतले कितीतरी पुढे स्वतःच कागदावर गेले होते, आणि त्यांच्यासाठी मागच्यांनी लिहिलं होतं. दोब्रीने टोपी काढली. विदोलचं बोट थांबलं, कारण वेलाचं नाव आलं होतं. मी पडद्याला हात लावला, लाज न बाळगता, आणि रडले.

"ताई, पुसलं जाईल," विदोल हळूच म्हणाला.

"हात लावून?"

"नाही. माझीच भीती गेली नाही अजून."

मग त्याने खऱ्या ब्लॉगवरचा राखणदार आधी बंद केला. बॅकअप पुन्हा एकदा घेतला. आम्हाला गप्प बसायला सांगितलं, म्हणजे मलाच. नवी आवृत्ती घातली. नेदाचा कागद उघडला, आणि खाली सगळे होते, वेलासकट.

"आता एक राहिलं," तो म्हणाला. "नवीन लिहिलेलं जातंय का ते बघायला पाहिजे. सगळे इथं 'चाचणी' असं लिहून बघतात."

"मग लिही."

"नेदाकाकूच्या नावाखाली चाचणी?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळले. त्याने हात पुसले, गव्हाचा आणखी एक घास घेतला, चावून संपवला आणि मग लिहिलं, देव क्षमा करो, विदोल, वाचनगृह. ते पडद्यावर उमटलं. त्याने बंदची पाटी काढली आणि खुर्चीत मागे रेलला.

पाटी निघाल्याबरोबर विदोलने लिहिलेल्याच्या खाली एक ओळ आली. मग दुसरी. सकाळपासून तिकडे माणसं खोळंबली होती.

"वाच गं," दोब्री मला म्हणाला.

मी वाचायला लागले. मिल्का, बोलोन्याहून. त्सेको, हॅम्बुर्गहून. दोन धाकट्या पाव्हलोव्हा बहिणी, वालेन्सियाहून. प्रत्येक नावाला दोब्री मान लववत होता. पाय सुजलेले, तरी उभाच. विदोलने उठून स्वतःची खुर्ची त्याच्यामागे सरकवली.

"बसा ना काका."

दोब्रीने कोटाची वरची गुंडी लावली.

"बसू कसा?" तो म्हणाला. "माणसं येतायत."