हलका फिरणारा पंखा

बायको रखमा गेल्याचा फोन आला तेव्हा कोंडाजी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या चौकात, उघड्या बॉनेटसमोर पाण्याची बाटली धरून उभे होते. जुनी गाडी गर्दीत उकळली होती. दवाखाना दोन गल्ल्यांवर. नर्स काय म्हणाली ते त्यांनी ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाले आणि रेडिएटर निवायची वाट बघत राहिले. दुसरा कुणी असता तर बायकोकडे धावत सुटला असता. हे गाडी राखत बसले.

रखमाची आई बनूबाई बदलापूर गावात खाटेला खिळलेली. लेक दवाखान्यात आहे, एवढंच म्हातारीला सांगितलेलं. दहाव्याला मेहुणा संतोष म्हणाला, "आईला तुम्हीच सांगा, दाजी. आमचं कुणाचं तोंड उघडत नाही."

गाडी गरम होते, ती नीट केली की येतो, असं कोंडाजींनी सांगितलं. बुवापाड्यातल्या त्यांच्या घरून बदलापूरला रिक्षाने जाता येतं, हे काय कुणाला माहीत नव्हतं?

कारखान्यात बेअरिंग तपासण्यात कोंडाजींचा जन्म गेलेला. मेकॅनिककडे जाणं त्यांना कमीपणाचं. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन आणला, पाण्याचा पंप नवा घातला. गाडी उकळायची ती उकळतच राहिली. पंख्याला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पास केलं होतं. इंजिन बंद करून बोटाने ढकलला, तर गरगर फिरतच राहिला. असं हलकं फिरणारं बेअरिंग कारखान्यात ते डोळे मिटून पास करायचे. कौतुकाने त्यांनी शेजारच्या आण्णांनाही बोलावून दाखवलं.

"उकळते कधी? पळताना का उभी असताना?" आण्णांनी विचारलं.

"उभी असताना."

"मग तेव्हा तिला वारा कोण घालतं? मी आपलं विचारलं हो. मला स्कूटरसुद्धा येत नाही."

कोंडाजींनी गाडी चालू ठेवून चांगली तापू दिली आणि पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा हवा ओढत असता तर पान जाळीला चिकटलं असतं. ते खाली पडलं. इंजिन बंद करून पंखा ढकलला, तर पुन्हा गरगर. म्हणजे तापल्यावर पंख्याच्या मधोमध बसवलेल्या क्लचने त्याला घट्ट धरायला हवं, तेच होत नव्हतं. क्लचमधलं तेल गळून गेलं होतं. त्याचा काळा चिकट डाग मधोमध दिसायचा, आणि स्वच्छतेच्या आवडीपायी कोंडाजी तो रोज फडक्याने पुसून काढत होते. आजार पुसून पुसून रोगी चकचकीत ठेवला होता.

कॅम्प तीनमधून नवा क्लच आणून त्यांनी बसवला. आता पान जाळीला घट्ट चिकटलं. दुपारभर गाडी जागेवर चालू ठेवली, तापमानाचा काटा मधेच राहिला.

"झाली की," आण्णा म्हणाले. "कधी निघताय?"

"ब्रेक जरा बघून घेतो."

"कोंडाजी, गाडी अजून निघाली नाही. ब्रेक कशाला लागतोय?"

कोंडाजी हसले आणि पाना शोधायला आत गेले. गाडी आता नीट चालते. बनूबाईला सांगायचं राहिलं आहे.